ज्वारीच्या धांड्याचं मारुत

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारीची काढणी उरकली. कणसं खुडून झाली, दाणे घरात आले, कडब्याच्या पेंढ्या बांधून दारोदार गंजी उभ्या राहिल्या. पोरांच्या परीक्षाही संपत आल्यात. आता सुट्टी लागली, की रोज एकच प्रश्न ऐकायचा आहे, "आई, काय करू?" उत्तर दिलं नाही, तर मोबाइल आहेच.

आज मी तुम्हाला त्याच कडब्याच्या गंजीतून एक लढाऊ विमान काढून दाखवणार आहे. हसू नका. मी शिवणकाम करणारी बाई आहे, विमानात कधी बसलेली नाही. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या बायकांच्या लेकरांनी हे विमान केलं, आणि त्यात आम्हां आयांचे हात लागले, एका आजीचे तर सगळ्यांत जास्त. ते कसं केलं ते सांगते. वही-पेन जवळ घ्या, मापं लिहून घ्यावी लागतील.

आपल्यातल्या बहुतेकींनी लहानपणी धांड्याची बैलगाडी केलेली आहे. धांडा सोलायचा, आतला पांढरा भेंड काढायचा, सालीच्या काड्या करायच्या आणि भेंडात खुपसून गाडी, जू, बैल, सगळं उभं करायचं. कुठं काडी टिकली नाही, तर बाभळीचा काटा. ना डिंक, ना खिळा. आजच्या पोरांना हे येत नाही. बऱ्याच शिवारांत ज्वारीच्या जागी ऊस आणि कांदा आला, मग धांडा कुठून मिळणार आणि आजीनं तरी शिकवायचं कशावर? म्हणून ज्यांच्या दारात अजून कडबा आहे, त्यांनी हे काम जरूर करावं.

मात्र बैलगाडी आणि हे विमान यांत एक फरक आहे. बैलगाडी आपण नजरेच्या अंदाजानं करायचो. चाक थोडं मोठं झालं तरी गाडी गाडीच दिसायची. हे विमान मापात करायचं. खऱ्या विमानाचा प्रत्येक भाग जितक्या पटीनं लहान, तितक्याच पटीनं दुसराही भाग लहान. पंख एका पटीत आणि शेपटी दुसऱ्या पटीत, असं चालत नाही. यालाच प्रमाणात केलेलं मॉडेल म्हणतात. खेळणं आणि मॉडेल यांत एवढाच फरक, पण सगळं शिक्षण त्या फरकात आहे.

आता विमान कोणतं? मुलांना राफेल करायचं होतं, कारण टीव्हीवर तेच दिसतं. आमच्या गावात एक माजी सैनिक काका आहेत. १९७१ च्या लढाईत ते राजस्थानच्या वाळवंटात होते. ते म्हणाले, "राफेल सगळेच करतात. तुम्ही मारुत करा. ते आपलं आहे, आणि कुणाला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. मारुत म्हणजे वारा. वाऱ्याचा पुत्र म्हणून आपल्या वेशीवरचा तो मारुती. एचएफ-२४ मारुत हे भारतात आराखडा होऊन भारतातच तयार झालेलं पहिलं लढाऊ जेट विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात ते झालं. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये सुरू केला तो आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. तिथंच विष्णू माधव घाटगे नावाचे मराठी अभियंते होते, कोल्हापूर जिल्ह्यातले. ते जर्मनीत शिकून आले होते. त्यांच्या देखरेखीखाली झालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान १९५१ मध्ये आकाशात गेलं. म्हणजे विमान करायचा पाया मारुतच्या आधीच घातलेला होता.

मारुतच्या आराखड्यासाठी १९५६ मध्ये जर्मनीहून एक नामांकित विमानरचनाकार आपल्याकडे आले. त्यांचं नाव कुर्ट टँक. आपण नगरकर, रणगाडा संग्रहालय पाहिलेले लोक. आमची पोरं म्हणाली, "नाव टँक आणि केलं विमान!" तेव्हापासून ते नाव कुणी विसरलं नाही.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ऐका. मारुतचं पहिलं रूप धातूचं नव्हतं, लाकडाचं होतं. खऱ्या विमानाएवढंच मोठं, पण लाकडी आणि बिनइंजिनाचं. डाकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते वर ओढत न्यायचे, मग सोडून द्यायचे आणि ते हवेवर तरंगत खाली यायचं. १९५९ मध्ये अशी उड्डाणं करून आकार बरोबर आहे की नाही ते पाहिलं गेलं. त्यानंतर धातूचं विमान झालं आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. तेव्हा कुणी म्हणालं, "मॉडेल काय, पोरखेळ," तर त्याला सांगा, की देशाच्या पहिल्या लढाऊ जेटची सुरुवात लाकडी मॉडेलापासूनच झाली.

आता माप. लिहून घ्या. खऱ्या मारुतची लांबी १५.८७ मीटर. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ९ मीटर. जमिनीपासून शेपटीच्या उभ्या पंखाच्या टोकापर्यंत उंची ३.६० मीटर.

याचं पन्नासपट लहान विमान करायचं. परदेशात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची खोकी विकत मिळतात, त्यांत ७२ पट, ४८ पट लहान अशी मापं चालतात. आपण पन्नास घेतलं, कारण हिशेब तोंडी होतो. एक मीटरचे शंभर सेंटीमीटर, भागिले पन्नास, म्हणजे दोन. जितके मीटर, त्याच्या दुप्पट सेंटीमीटर. लांबी १५.८७ मीटर, दुप्पट केली की साधारण ३१.७ सेंटीमीटर. पंख ९ मीटर, म्हणजे १८ सेंटीमीटर. उंची ३.६० मीटर, म्हणजे ७.२ सेंटीमीटर. संपलं गणित.

ज्या मैत्रिणी शिवणक्लासला गेल्यात त्यांना हे नवीन नाही. क्लासच्या वहीत आपण ब्लाउजचं ड्राफ्टिंग पाव मापात काढतो. चार इंचांना एक इंच. छाती, खांदा, मुंढा, सगळं पाव. पाठ पावात आणि बाही अर्ध्यात काढली, तर बाई काय म्हणायच्या? अगदी तेच हे. आमच्या मुलांना शाळेतलं गुणोत्तर-प्रमाण पुस्तकात कळत नव्हतं. माझी शिवणाची वही समोर ठेवली आणि दहा मिनिटांत कळलं. आपल्या हातात गणित आहे, बायांनो. आपण त्याला गणित म्हणत नाही, एवढंच.

बाकीच्या भागांची मापं कशी काढायची? पंख किती मागे झुकलेले, वैमानिकाची जागा नाकापासून किती अंतरावर? त्यासाठी विमानाचं वरून काढलेलं आणि बाजूनं काढलेलं, अशी दोन चित्रं लागतात. मोबाइलवर शोधून दुकानातून छापून आणा. चित्रातल्या विमानाची लांबी पट्टीनं मोजा. समजा ती १०.६ सेंटीमीटर भरली. आपल्याला ३१.७ हवी, म्हणजे साधारण तिप्पट. मग चित्रातलं प्रत्येक माप तिप्पट करायचं. फोटो तिरका घेतलेला असेल तर तो मापाला घेऊ नका. तिरक्या फोटोत जवळचा पंख मोठा आणि लांबचा लहान दिसतो.

आता सामान. ज्वारीचे दहा-बारा धांडे. जुन्या लग्नपत्रिका, जाड कागदाच्या. वर्तमानपत्र. कणकेची किंवा मैद्याची खळ, आणि मिळाला तर थोडा फेव्हिकॉल. खराट्याच्या काड्या. बाभळीचे काटे. शर्टाची लहान बटणं. एक लोखंडी नट, तो कशाला ते पुढं सांगते. रंगाला गेरू, आणि मुलांच्या दप्तरात असतील ते पोस्टर रंग.

धांडा निवडताना बुडखा बघा. खालची पेरं जाड असतात, तीच घ्या. वाळलेला, सरळ आणि न पिचलेला धांडा हवा. फोडल्यावर आत लाल रेघ किंवा भोक दिसलं, तर त्याला खोडकिडीनं पोखरलेलं आहे. तो जनावरापुढं टाका. सोलायचं काम मोठ्या माणसानं करायचं. धांड्याची साल ब्लेडसारखी कापते, बोट चिरलं की कळतही नाही, रक्त दिसल्यावर कळतं. आमच्याकडे आजी सोलायला बसल्या. पेराला बारीक चीर देऊन साल एका ओढीत काढायच्या. त्या साली टाकू नका, त्यांच्या काड्या कामाला येतात.

पहिलं काम, विमानाचं धड. मारुतला दोन इंजिनं, धडाच्या मागच्या भागात शेजारी शेजारी. म्हणून मागच्या निम्म्या भागाला दीड-दीड सेंटीमीटर जाडीची दोन पेरं शेजारी ठेवायची. दोन्ही मिळून तीन सेंटीमीटर रुंदी झाली. पुढच्या निम्म्या भागाला एक जाड पेर, नाकाकडे निमुळतं कातरलेलं. भेंड सुरीपेक्षा काचकागदानं छान घासला जातो. काचकागद नसेल तर जुनी कानस चालते. पुढचा आणि मागचा भाग जोडायला आतून खराट्याच्या दोन काड्या खुपसा, म्हणजे धड वाकणार नाही. जोडल्यावर टेप लावून बघा, नाकापासून बुडापर्यंत ३१.७ भरतंय का. जास्त असेल तर आत्ताच घासा, पुढं घासता येत नाही.

वैमानिकाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं असतात. इंजिनाला हवा तिथून मिळते. त्यासाठी एक पेर उभं चिरून दोन फाका करायच्या आणि दोन्ही बाजूंना चिकटवायच्या. पुढचं तोंड कोरून पोकळ करायचं. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण करायला औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट घ्या. कॅप्सूलचा पारदर्शक फुगवटा बरोबर बसतो.

मग सगळ्या धडावर वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या खळ लावून गुंडाळायच्या. दोन थर पुरे. यानं सांधे झाकले जातात आणि रंगही धरतो. उघडा भेंड रंग नुसता पिऊन टाकतो. वाळवायचं सावलीत, दोन दिवस. उन्हात ठेवलं की एक बाजू आधी आखडते आणि विमान केळ्यासारखं वाकतं.

दुसरं काम, पंख. इथं शिवणाऱ्या बाईचा खरा उपयोग. दोन्ही पंख तंतोतंत सारखे हवेत. मुलं एक कापतात, मग दुसरा कापतात, आणि दोन्हींत फरक पडतो. आपण ब्लाउजची पाठ कशी कापतो? घडीवर. तसंच करा. कागद दुमडा, घडीवर अर्धं विमान आखा आणि एकदाच कापा. उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. हा झाला फर्मा. तो लग्नपत्रिकेवर ठेवून आखा. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची १८ सेंटीमीटर लांबी धडासकट मोजायची आहे, हे विसरू नका. धड ३ सेंटीमीटर रुंद, म्हणजे दोन्हीकडे बाहेर दिसणारा पंख साडेसात-साडेसात. पंख सरळ आडवे नाहीत, मागे झुकलेले आहेत, आणि धडाच्या खालच्या अंगाला बसतात. पत्रिकेचे दोन थर करा आणि मधे धांड्याच्या सालीची काडी घालून चिकटवा, म्हणजे पंख लोंबत नाही.

शेपटीचा उभा पंख एक, आडवे दोन. इथं एक फसवणूक आहे. उंची ७.२ सेंटीमीटर म्हटली, की मुलं उभा पंखच ७.२ चा कापतात. ती उंची जमिनीपासूनची आहे, त्यात चाकं आली, धड आलं. आधी विमान चाकांवर उभं करा, मग पट्टी उभी धरून वर किती उरतं ते मोजा आणि तेवढाच पंख ठेवा.

चाकं बटणांची, पाय खराट्याच्या काडीचे. एक पाय नाकाखाली, दोन पोटाखाली. आणि आता तो नट. विमान उभं केलं की ते बुडावर बसतं, नाक आभाळाकडे. कारण मागे दोन पेरं, शेपटी, सगळं वजन मागं. म्हणून नाकाच्या आत भेंड कोरून लोखंडी नट बसवायचा. हे कागद गुंडाळायच्या आधीच करायचं. कुठपर्यंत वजन द्यायचं ते टाचणीवर तोलून बघा. पोटाखालच्या चाकांच्या थोडं पुढं विमान तोललं गेलं पाहिजे. डोक्यावरचा हंडा तोलणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

रंग देताना वरून हिरवे आणि मातकट पट्टे, खालून फिकट राखाडी. वरून पाहणाऱ्याला ते जमिनीसारखं आणि खालून पाहणाऱ्याला आभाळासारखं दिसावं, म्हणून ही युक्ती. मातकट रंगाला आपला गेरू उत्तम. पंखांवर वायुसेनेचं गोल चिन्ह काढायचं, बाहेर केशरी, मधे पांढरा आणि आत हिरवा. क्रम उलटा होऊ देऊ नका. आणि शेवटी विमानाशेजारी भेंडाची एक बाई उभी करा, ३.२ सेंटीमीटर उंचीची. तिची खरी उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच. ती उभी केली, की पाहणाऱ्याला खरं विमान केवढं ते एका नजरेत कळतं. आमच्या मुलींनी तिला नऊवारी नेसवली होती.

आता मी हे सगळं एवढ्या तपशिलानं का सांगते, ते बोलते.

ज्या मुलीनं यात सगळ्यांत जास्त काम केलं, ती तेव्हा आठवी पास होऊन नववीत जाणार होती. नववीची शाळा गावात नाही, सहा किलोमीटरवर आहे. घरात कुजबुज सुरू झाली होती, की आता पुरे. विहिरीवरचं काम, धाकटा भाऊ, आणि "मुलीच्या जातीला एवढं कशाला," हे घरातल्या आजींचंच म्हणणं. आणि त्याच आजी धांडे सोलायला बसल्या होत्या. पहिले दोन दिवस त्या मुलीला म्हणत होत्या, "विमान कसलं करतीस, बैलगाडी कर." तिसऱ्या दिवशी मुलीनं त्यांना हिशेब सांगितला, हे एवढं म्हणजे खरं एवढं. आजींनी पंखाला हात लावून विचारलं, "म्हणजे आपल्या वाड्याएवढं?" मग दोघींनी अंगण पावलांनी मोजलं. नऊ मीटरचा पंख अंगणात मावला, पण पंधरा मीटरचं धड गोठ्यात शिरलं. आजी खूप हसल्या. त्यानंतर त्यांनी बैलगाडीचं नाव काढलं नाही.

सुट्टीनंतर ते मॉडेल विज्ञान प्रदर्शनात गेलं. अशा प्रदर्शनांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बाजारात तयार वस्तू मिळतात, पैसे टाकले की झालं, मुलाला फक्त दोन ओळी पाठ कराव्या लागतात. आमच्या मुलीला पहिला नंबर मिळाला नाही. पण पाहायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हा पंख एवढाच का?" तिनं न अडखळता सांगितलं. "हे नाकात जड काय आहे?" तेही सांगितलं. "कुणी करून दिलं?" तेव्हा ती म्हणाली, "भेंड आजीनं सोलला, फर्मा काकूंनी शिकवला, बाकी मी केलं." तिची आई माझ्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, पण पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत तिनं एसटीच्या पासाची चौकशी केली.

तो पास सगळ्यांनी लक्षात ठेवा. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, आणि त्या योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकरांचं. आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक. शाळेत चौकशी करा, शाळेमार्फत अर्ज होतो. ती मुलगी आज त्याच पासावर जाते. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. घरात अधूनमधून अजून विषय निघतो. पण आता आजी त्यात बोलत नाहीत, हे मी ऐकलेलं आहे.

मारुतची पुढची गोष्टही तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मुलींच्या गोष्टीशी जुळते. मारुतचं धड उत्तम होतं. ते आवाजाच्या वेगाहून कितीतरी जलद जावं अशा हिशेबानं आखलेलं होतं. पण त्यासाठी जे ताकदीचं इंजिन ठरलं होतं, ते इंग्लंडमध्ये पूर्ण झालंच नाही. पुढं विकसित करायला पैसा लागत होता, तो देण्याची तयारी झाली नाही. मग हाताशी असलेलं कमी ताकदीचं ऑर्फियस इंजिन बसवावं लागलं. इजिप्तबरोबर दुसरं इंजिन बसवून पाहण्याचे प्रयत्न झाले, तेही तडीला गेले नाहीत. ज्यांनी पहिलं उड्डाण केलं ते सुरंजन दास, इंजिनाची ताकद वाढवण्याचा प्रयोग चालू असताना, १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्याच अपघातात गेले. एकूण १४७ मारुत तयार झाली, आणि १९९० पर्यंत सगळी निवृत्तही झाली.

तरीही मिळालेल्या इंजिनावर त्या विमानानं काय केलं ते ऐका. डिसेंबर १९७१ च्या लढाईत राजस्थानच्या बाडमेरजवळच्या उत्तरलाई तळावरून मारुत उडाली. शत्रूचे रणगाडे, तोफा, आगगाड्या यांच्यावर त्यांनी खाली येऊन मारा केला. ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून शत्रूचं सेबर विमान पाडलं. जमिनीवरून गोळ्या लागून एक इंजिन निकामी झालं, तरी दुसऱ्या इंजिनावर मारुत तळावर परत आल्याचे प्रसंग घडले. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणून म्हणतो, पोरांनो, आपलं मारुत करा."

मैत्रिणींनो, धड चांगलं असून भागत नाही, मागून जोर लावणारं इंजिन लागतं. आपल्या किती मुलींचं धड उत्तम आहे! डोकं आहे, हात आहे, नजर आहे. कमी पडतो तो मागचा जोर. बसचा पास, सायकल, कंपासपेटी, संध्याकाळचा एक तास मोकळा, आणि "जा, मी बघते घरचं" असं म्हणणारं एक माणूस. हे इंजिन इंग्लंडहून यायचं नाही. ते घरात आणि गटात आहे. आमच्या गटानं यंदापासून ठरवलंय, की अंतर्गत कर्जात मुलींच्या शिक्षणाच्या वस्तूंना पहिला नंबर द्यायचा. रक्कम लहान असते, पण वेळेवर मिळते.

आणि हा रस्ता कुठं जातो, तेही मुलींना सांगा. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला विमानांचा कारखाना आहे, १९६४ पासून. मिग विमानं तिथं झाली, सुखोई विमानं तिथं झाली. तिथं जे काम चालतं ते मापाचंच, फक्त सूक्ष्म. आयटीआयला फिटर, टर्नर, ड्राफ्ट्समन असे कोर्स असतात, मुलींसाठी राखीव जागा असतात. ड्राफ्ट्समन म्हणजे आराखडा काढणारा. घडीवर फर्मा कापणाऱ्या बाईच्या लेकीला ते अवघड का जावं? आणि उडवायचंच म्हणाल, तर जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी आपल्या वायुसेनेत लढाऊ विमानाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. त्याही कुणाच्या तरी घरातल्या मुलीच.

तर या सुट्टीत असं करा. गटातल्या पाच-सहा घरांची मुलं-मुली एकत्र बसवा. सोलायला एक आजी, फर्म्याला एक शिवणारी बाई, आणि गावात माजी सैनिक असतील तर त्यांना बोलवा. आठ-दहा दिवस, रोज एक-दोन तास पुरतात. तयार वस्तू विकत आणू नका आणि मुलांचं काम आपण करूनही देऊ नका. धांडा सोलून द्या, पण पट्टी त्यांच्या हातात राहू द्या. मॉडेलशेजारी एक पाटी लावा. विमानाचं नाव, पहिल्या उड्डाणाचं साल, प्रमाण पन्नासास एक, आणि करणाऱ्या सगळ्यांची नावं. आजीचं नाव त्यात पहिलं लिहा.

झालेलं विमान कोरड्या जागी, उंचावर ठेवा. पावसाळ्यात भेंड ओल धरतो आणि कीडही लागते. कडुनिंबाचा वाळला पाला शेजारी ठेवला की बरं. आणि जनावरांपासून जपा. आमच्या एका मुलाचं मारुत शेळीनं अर्धं खाल्लं. शेवटी कडबाच तो!

बरं तर, मापं लिहून घेतली ना? ३१.७, १८ आणि ७.२. कामाला लागा. नमस्कार.